लाल असतानाही दाबता येणारं बटण

मे महिन्यातली दुपार. परसोडीच्या आयटी पार्कातल्या आमच्या ऑफिसात एसी चालू होता, तरी खिडकीच्या काचेला बोट लावलं तर चटका बसत होता. माझ्या शेजारच्या टेबलावर उमरेडची एक मुलगी बसायची. पहिलीच नोकरी, रोजचं बसने येणं-जाणं, डब्यात हमखास मिरचीचा ठेचा. आमचं काम सॉफ्टवेअर लिहायचं. कोणी कोडात बदल केला की मशीन त्यावर टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते पाहणारे छोटे प्रोग्राम, चालवायचं. पास झाल्या तर चेक हिरवा, नाही तर लाल. मग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर बटण दाबून तो बदल मुख्य कोडात मिसळायचा, म्हणजे मर्ज करायचा. खुर्ची माझ्याकडे ओढत ती म्हणाली, "ताई, चेक तर लाल दिसून राहिला, पण मर्जचं बटण दाबता येऊन राहिलं. दाबू का?" मी काही बोलायच्या आत मागून आमच्या सिनियरांचा आवाज आला, "दाब ना. ती टेस्ट उन्हाळ्यात अशीच करते." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, आणि बटण दाबलं. काही बिघडलं नाही. संध्याकाळी बदल लाइव्ह गेला, नीट चालला, सगळे घरी गेले.

सिनियर खोटं बोलत नव्हते. बिल्ड, म्हणजे कोड जोडून टेस्ट, चालवायला आमच्याकडे एक जुना डेस्कटॉप होता, पँट्रीला लागून असलेल्या खोलीत. खासगी रेपोसाठी, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणाऱ्या कोडाच्या साठ्यासाठी, गिटहबकडून महिन्याला फुकट मिळणारी २,००० मिनिटं पुरत नव्हती, म्हणून आपलंच मशीन रनर, म्हणजे टेस्ट चालवणारं मशीन, म्हणून जोडून टाकलेलं. त्या खोलीला एसी नव्हता. नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा, आणि उत्तराची फक्त दोन सेकंद वाट पाहणारी एक टेस्ट नेमकी तेव्हा नापास व्हायची. कोड बरोबर असायचा, मशीन तापलेलं असायचं. थोड्या वेळाने पुन्हा चालवलं तर कधी हिरवी, कधी परत लाल. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाल दिसलं की 'उन्हाळा आहे' म्हणायचं आणि पुढे जायचं, हे अंगवळणी पडलं होतं. त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं म्हणून तिने विचारलं.

तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

दाबायचं नसेल तर दाबता येतंच कशाला? गिटहब लाल फुली दाखवतं, काही चेक यशस्वी झाले नाहीत असं शब्दांत लिहितंही. पण हा चेक पास झाल्याशिवाय मेन ब्रांचमध्ये, म्हणजे मुख्य कोडात, काही जाऊ द्यायचं नाही, असं कोणी सेटिंगमध्ये जाऊन सांगितलेलं नसेल, तर त्या फुलीच्या खालीच मर्जचं बटण जागं असतं. सांगण्याचं काम यंत्राने केलं, थांबण्याचं काम माणसावर सोडलं. आणि माणसावर सोडलेलं काम शेवटी कोणाच्या वाट्याला येतं? ज्याच्या हातात माउस आहे त्याच्या. आमच्याकडे मर्ज करायचं काम बहुतेक वेळा सगळ्यात नव्या माणसाकडे असायचं, कारण जुन्यांना ते किरकोळ वाटायचं. म्हणजे लाल खरं की खोटं हे ओळखायचं सगळ्यात अवघड काम आम्ही ज्याला सगळ्यात कमी माहिती त्याच्यावर टाकत होतो, आणि त्याने विचारलं तर वर 'दाब ना' म्हणत होतो.

पुढचं घडलं ते पावसाळा लागल्यावर. पहिल्या सरींनी हवा गार झाली होती, मशीनही गार होतं, म्हणजे लालला उन्हाळ्याचं कारण उरलं नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर एका वाहतूक कंपनीची भाड्याची बिलं काढायचं. ट्रक माल टाकून रिकामा परत आला तर त्या परतीच्या फेरीचंही ठरलेलं भाडं लागतं. ते शून्य होता कामा नये, एवढंच तपासणारी छोटी टेस्ट कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवली होती, आणि त्या दिवशी तिने आपलं काम चोख केलं. ती लाल झाली. त्या मुलीने या वेळी विचारलं नाही. विचारलं की काय उत्तर येतं ते तिला आता माहीत होतं. तिने मर्ज केलं, रात्री बदल लाइव्ह गेला, आणि सकाळपर्यंत रिकाम्या फेऱ्यांची बिलं शून्य रुपयांची निघाली. पैसे काही बुडाले नाहीत, बिलं रद्द करून नवी काढता आली. पण क्लायंटचा फोन आला, मीटिंग बोलावली गेली, आणि काचेच्या त्या खोलीत पहिला प्रश्न विचारला गेला, "दाबलं कोणी?"

तिने हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर टेबलाला टेकवून, अर्धवट. खोलीत बसलेल्या प्रत्येकाने त्या वर्षी कधी ना कधी लाल चेकवर मर्ज केलं होतं, हे इतिहासात नावानिशी दिसत होतं. कोणी बोललं नाही. मी बोलले, पण 'प्रोसेस सुधारू' एवढ्यावर ते निभावलं. पाण्याच्या ग्लासखाली साचलेला ओलावा ती बोटाने पुसत होती, आणि मला राग येत होता तो कोणा एका माणसाचा नव्हता. प्रश्नच चुकीचा होता. दाबता का आलं, असं विचारायला हवं होतं.

त्या आठवड्यात मला माझे मामा फार आठवले. मामा रेल्वेत गेटमन होते. सुरुवातीची त्यांची काही वर्षं एका आडलाइनीच्या फाटकावर गेली. तिथे फाटक आणि सिग्नल यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सगळा कारभार फोनवर. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोन करणार, मामा फाटक लावून आपला प्रायव्हेट नंबर सांगणार, मास्तर तो लिहून घेऊन स्वतःचा नंबर देणार, आणि मग गाडी सुटणार. त्या नंबरांचा छापील कागद मी लहानपणी पाहिला आहे. दोन-दोन आकड्यांच्या रांगा आणि वापरलेल्या प्रत्येक आकड्यावर मामांनी मारलेली आडवी रेघ. पद्धत पक्की होती, पण फाटक उघडायचं की नाही हे अखेर मामांच्या हातात होतं आणि हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. "ट्रॅक्टरवाला म्हणे, गाडी कुठं दिसून राहिली, उघड ना. लग्नाची वरात अडकली का शिव्या. एकानं तर कॉलरच धरली होती माही," मामा सांगायचे.

नंतर त्यांची बदली मेन लाइनवर, बोरखेडीकडच्या फाटकावर झाली. ते फाटक इंटरलॉक केलेलं होतं. म्हणजे फाटक पूर्ण लागून कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गाडी पार होईपर्यंत फाटक उघडत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. केबिनला लागून एक कडुनिंब होता, खाली माठ, आणि आत भिंतीवर हिरवा-लाल झेंडा, हातबत्ती, रुळावर लावायचे फटाके एका डब्यात. एकदा एक जीपवाला उतरून केबिनपर्यंत आला आणि तावातावाने बोलू लागला. मामांनी लिव्हर धरून त्याला ओढून दाखवला. तो हलला नाही. जीपवाला पुटपुटत परत गेला आणि बोनेटला टेकून उभा राहिला. "बेटा," मामा मला म्हणाले, "तिथं माह्या हातात होतं तर सगळं भांडण माह्याशी होतं. इथं माह्या हातात काहीच नाही, तेच बरं हाय. शिव्या देतात, पण रेल्वेले देतात."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. नोकरीतली वर्षं गेल्यावर, त्या मीटिंगनंतर, कळलं. कुलूप गाडीला वाचवतं हे सगळेच सांगतात. ते गेटमनला वाचवतं हे कोणी सांगत नाही. सिग्नल आणि सांधे एकमेकांत अडकवून ठेवायच्या यंत्राचं पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ साली घेतलं, पण ब्रिटनमधल्या जुन्या मार्गांवरही ते बसवायची कायद्याने सक्ती झाली १८८९ साली, आयर्लंडमधल्या आर्माच्या रेल्वे अपघातात सहलीला निघालेल्या गाडीतली सुमारे ८० माणसं, त्यांत कितीतरी लहान मुलं, गेल्यानंतर. त्या अपघाताचं मूळ कारण ब्रेकचं होतं, तरी कायदा करताना इंटरलॉकिंगही त्यात आलं. मधली तीसेक वर्षं तंत्र हाताशी होतं, सक्ती नव्हती. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची बिनचौकीदाराची फाटकं संपायला २०१९ उजाडलं. 'थांबा, पाहा, मग जा' एवढ्या पाटीच्या भरवशावर तोवर लोक रूळ ओलांडत होते. आमच्या गिटहबवरची लाल फुलीही तेवढीच होती, नुसती पाटी.

मग मी कुलूप बसवायच्या मागे लागले, म्हणजे चेक पास झाल्याशिवाय मर्ज होणारच नाही असा नियम लावायच्या. सेटिंग एका पानावर आहे, एक खूण करायची, चेकचं नाव निवडायचं. तरी त्याला कितीतरी दिवस गेले आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. पहिली अडचण पैशांची. गिटहबच्या फुकट योजनेत खासगी रेपोवर हा नियम लागूच होत नाही. त्यासाठी माणशी महिन्याला ४ डॉलरची टीम योजना घ्यावी लागते. मालकांनी विचारलं, नियम प्रत्येकाच्या लॅपटॉपवरच का नाही लावत, कोड सर्व्हरवर पाठवण्याआधी, म्हणजे पुश करण्याआधी, आपोआप टेस्ट चालवणारा हुक टाकून? तेही करून पाहिलं. पण गिटने, म्हणजे कोडातले बदल नोंदवणाऱ्या, गिटहबच्या मुळाशी असलेल्या साधनाने, त्या हुकला टाळायची सोय आज्ञेतच दिली आहे. 'नो-व्हेरिफाय' एवढं जोडलं की झालं. स्वतःच्या घाईला स्वतः अडवायचं काम चांगल्या माणसालाही जमतंच असं नाही. कुलूप सर्व्हरवरच हवं.

दुसरी अडचण सिनियरांची, आणि तिच्यात तथ्य होतं. ते म्हणाले, "कुलूप लावशील, पण उद्या ऊन तापल्यावर ती टेस्ट अडली तर क्लायंटला काय सांगू? आमच्या मशीनला गरम होते म्हणून?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, आणि ते शोधताना जे कळलं ते मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खोटं लाल जिवंत ठेवून कुलूप लावलं असतं तर लोकांनी आठवड्याभरात कुलूप काढायला लावलं असतं, आणि पुन्हा कधी लावू दिलं नसतं. गूगलने २०१६ साली स्वतःच्या टेस्टांबद्दल लिहिलं होतं की जवळपास १६ टक्के टेस्टांमध्ये थोडाफार असा लहरीपणा आहे, आणि हिरव्याची लाल झाली अशा प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के वेळा त्यामागे अशीच लहरी टेस्ट असते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमच्या पँट्रीशेजारच्या डेस्कटॉपचं काय घेऊन बसता. वाचून मला धीर आला आणि भीतीही वाटली. लाल दिसल्यावर 'काही नसेल' असं मानणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याचा अनुभवच त्याला तसं शिकवत असतो.

म्हणून आधी टेस्ट दुरुस्त केली. ठरावीक दोन सेकंद थांबून पाहण्याऐवजी उत्तर येईल तेव्हा पुढे जायचं आणि वरची मर्यादा भरपूर सैल ठेवायची, एवढा बदल. मशीन हलवून सर्व्हरच्या थंड खोलीत नेलं. डेस्कटॉप उचलला तेव्हा त्याच्या मागच्या जाळीवर धुळीचा असा थर होता की पंखा दिसत नव्हता. साफ करताना सिनियर स्वतः ब्रश घेऊन बसले, नाकाला रुमाल बांधून. त्यानंतर काही आठवडे आम्ही प्रत्येक लालची कारणासकट नोंद ठेवली. नोंदवहीत खोटी लालं येणं जवळजवळ थांबलं तेव्हा कुठे मी ती खूण केली.

खूण केल्यावर वाटलं, झालं. पण कुलपालाही खाचखळगे असतात आणि ते कोणत्याही शिकवणीत सांगत नाहीत. गिटहब चेक ओळखतं फक्त नावाने. आमच्यातल्या एकाने साफसफाई म्हणून चेक चालवणाऱ्या जॉबचं नाव बदललं, आणि सगळे पीआर, म्हणजे मर्जसाठी मांडलेले बदल, जुन्या नावाच्या चेकची वाट पाहत बसून राहिले. तो चेक आता येणारच नव्हता. दुसरं, फक्त कागदपत्रांच्या फोल्डरात बदल असेल तर टेस्ट चालवू नका असं आम्ही लिहून ठेवलं होतं. पण पूर्ण वर्कफ्लोच, म्हणजे जॉबांचा अख्खा संचच, असा वगळला तर आवश्यक चेक अडकून राहतो, आणि रीडमी या माहितीच्या फाइलीतली एक वेलांटी सुधारायला आलेला पीआर दिवसभर पिवळाच. हे दोन त्रास निदान समोर दिसतात, माणूस ओरडतो, आपण दुरुस्त करतो.

तिसरा दिसत नाही. एकेक जॉबचं नाव नियमात घालत बसण्यापेक्षा बरेच जण शेवटी एक 'सगळं ठीक' नावाचा जॉब लावतात. बाकीचे सगळे पास झाले की तो चालणार, आणि नियमात फक्त त्याचंच नाव. आम्हीही तसंच केलं. एका सकाळी उमरेडची ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, हे पहा, टेस्टचा जॉब लाल आहे, 'सगळं ठीक'वाला करडा आहे, अन् मर्ज मोकळं आहे." तिने बरोबर पकडलं होतं. आधीचा जॉब पडला की त्याच्यावर अवलंबून असलेला पुढचा जॉब नापास होत नाही, तो वगळला जातो. आणि वगळलेला जॉब गिटहबच्या हिशेबी पास. म्हणजे फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा. त्या शेवटच्या जॉबला काहीही झालं तरी चालायलाच लाव, आणि आधीच्या प्रत्येकाचा निकाल त्याच्याकडून एकेक करून तपासून घे, हा उपाय आहे. तो तिने स्वतः शोधला, स्वतः लिहिला, आणि मग मुद्दाम एक टेस्ट मोडून पीआर उघडला. बटण निपचित पडलेलं पाहून तिने मला हाक मारली. तेव्हापासून कुलूप बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की हिरव्या पीआरवर त्याची परीक्षा होत नाही. मुद्दाम मोडलेला कोड घेऊन त्याला धडक मारून बघा.

एक गोष्ट मला अजून छळते, ती म्हणजे दोन हिरव्यांचं मिळून होणारं लाल. एकाने भाडं काढणाऱ्या फंक्शनचं नाव बदललं, जुन्या सगळ्या जागा नीट दुरुस्त केल्या, चेक हिरवा. दुसऱ्याने त्याच दिवशी एका नव्या फाइलीत जुन्या नावाने तेच फंक्शन वापरलं, त्याच्या ब्रांचमध्ये ते नाव होतंच, चेक हिरवा. फाइली वेगळ्या, म्हणून गिटला भांडण दिसत नाही. दोन्ही मर्ज झाले आणि मेन मोडली. यात दोष कोणाचा? दोघांचे चेक खरे होते, पण ते आपापल्या जुन्या मेनवरचे. रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा सुरू करणाऱ्या ग्रेडन होरने २०१४ साली यावर लिहिलं होतं, आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ज्यावर सगळ्या टेस्ट पास होतात असाच कोड मुख्य साठ्यात कायम राहील, ही जबाबदारी यंत्राने सांभाळावी. रस्टवाल्यांचा बॉर्स नावाचा बॉट तेच करायचा. पीआर आताच्या मेनशी जोडून पाहायचा, त्या जोडलेल्या कोडवर टेस्ट चालवायचा, आणि पास झाला तरच तो आत घ्यायचा. माणसाने 'माझ्याकडून ठीक' म्हणायचं, मर्ज बॉटने करायचं. गिटहबची मर्ज क्यू, म्हणजे मर्जची रांग, २०२३ साली सर्वांसाठी खुली झाली ती याच धर्तीवर, पण खासगी रेपोसाठी ती एंटरप्राइज योजनेतच मिळते, आमच्या आवाक्याबाहेर. आम्ही साधी खूण केली, ब्रांच मेनशी ताजी असल्याशिवाय मर्ज नाही. याने काम होतं, पण एक पीआर आत गेला की बाकीच्या सगळ्यांना पुन्हा ताजं करून पुन्हा थांबावं लागतं. संध्याकाळी पाचनंतर त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा वैताग मी पाहते आणि मला तो चुकीचा वाटत नाही. चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आलं तरी टेस्टांची पाइपलाइन फिरतच असते. पाइपलाइन वेगवान करणं हा या कुलपाचाच अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा आमच्याकडे अजून अपुरा आहे.

आणि रात्रीचं काय? प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंट वापरतो ते सॉफ्टवेअर, पडलं आहे, हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, तयार आहे, चेक एका भलत्याच कारणाने लाल आहे. अ‍ॅडमिनला नियम ओलांडता यावेत की नाही, यासाठी वेगळी खूण आहे, आणि या एका खुणेवर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. मला पूर्ण बंदी हवी होती. सिनियर म्हणाले, तुझ्या मामाच्या फाटकावरही काही सोय असेलच ना. होती. केबिनमध्ये काच लावलेल्या पेटीत सीलबंद आपत्कालीन किल्ली असायची. वापरली तर सील तुटणार, रजिस्टरात वेळ आणि कारण लिहिलं जाणार, आणि वरून विचारणा होणार. मामांनी ती कधी वापरल्याचं मला आठवत नाही, पण पेटीवरची धूळ ते रोज पुसायचे. आम्ही तसंच केलं. दोन माणसांना अधिकार, आणि वापरला की लगेच ग्रुपवर कारण लिहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बोलायचं. मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही. मेन मागच्या चांगल्या बदलावर परत नेणारा रिव्हर्टसुद्धा चेकच्या दारातूनच जावा असं मला वाटतं, कारण रात्री दोन वाजता घाईने केलेला बदल हा सगळ्यात जास्त तपासण्यासारखा असतो. सिनियर म्हणतात, रात्री दोन वाजता फोन त्यांना येतो. दोन्ही खरं आहे.

मात्र ऑफिसातलं बोलणं बदललं, हे मी रोज ऐकते. पूर्वी नवा मुलगा लाल बघून कोणाची तरी परवानगी मागायचा, आणि परवानगी देणाऱ्याच्या मूडवर सगळं ठरायचं. आता परवानगी मागण्यासारखं काही नाही, म्हणून तो थेट लॉग उघडतो आणि विचारतो, "ही टेस्ट कशासाठी आहे?" या प्रश्नाचं उत्तर देताना जुन्या माणसांनाच कधीकधी आठवत नाही, मग दोघं मिळून कोड वाचतात. रिव्ह्यूमध्येही फरक पडला. 'टेस्ट तर चालव आधी' हे कोणी कोणाला म्हणायचं, ज्युनियरने सिनियरला कसं म्हणायचं, हा अवघडलेपणा गेला. मोठ्यांना नाही म्हणणं आपल्याकडे किती जड जातं, ते काय सांगायचं. बावीस वर्षांच्या मुलीने पंधरा वर्षं अनुभव असलेल्या माणसाला 'सर, तुमचा बिल्ड पडला आहे, मी मर्ज करणार नाही' म्हणावं, अशी अपेक्षा आम्ही ठेवत होतो. तिच्या वतीने ते आता मशीन म्हणतं, आणि सरही निमूटपणे दुरुस्त करून आणतात. यात कोणाचा अपमान होत नाही.

मागच्या आठवड्यात त्रिमूर्तीनगरात छोटी कंपनी चालवणारा माझा एक मित्र सांगत होता की त्याच्याकडेही कोणी लाल बघत नाही. चारच माणसं, फुकट योजना, महिन्याचे डॉलर परवडत नाहीत. मी त्याला म्हटलं, गिटहबसारखंच गिटलॅब आहे ते बघ, तिथे पाइपलाइन पास झाल्याशिवाय मर्ज नाही ही खूण फुकट योजनेतही आहे. फक्त वगळलेली पाइपलाइन पास धरायची का, असं विचारणारी त्याखालची खूण डोळे झाकून करू नकोस. तो म्हणाला, "तू येऊनच लावून दे ना." उमरेडच्या मुलीला विचारलं तर तीही तयार झाली, नियमाची फाइल तीच लिहिते म्हणाली. येत्या शनिवारी जाऊ. आधी त्याच्या महिन्याभरातल्या लाल बिल्डांची यादी काढायची, त्यातल्या खोट्या कोणत्या आणि का ते शोधायचं, त्या दुरुस्त करायच्या. त्यात दोन-तीन शनिवार गेले तरी चालतील. खूण त्यानंतर.